रोझा पार्क्स दमल्या नव्हत्या! माँटगोमेरीच्या ३८१ दिवसांचा हिशेब

६ डिसेंबर १९५६. दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं, तो दिवस. त्याच दिवशी अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या राजधानीत, माँटगोमेरी शहरात, हजारो काळी माणसं पायी कामावर चालली होती. त्यांच्या बसबहिष्काराला आदल्याच दिवशी वर्ष पूर्ण झालं होतं. अजून दोन आठवडे त्यांना चालायचं होतं.

बाबासाहेबांना काळ्यांचा प्रश्न परका नव्हता. १९१३ ते १९१६ ही तीन वर्षं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता, त्याची प्रत त्यांनी मागितली. अस्पृश्यांची आणि काळ्यांची स्थिती किती सारखी आहे, हेही कळवलं. डू बॉईस यांनी उत्तर दिलं. म्हणजे हा इतिहास आपण वाचायचा तो परदेशातली एक चांगली गोष्ट म्हणून नव्हे. आपल्या नेत्यानेच तो आपल्या अभ्यासक्रमात घातलेला आहे.

पण आपण तो वाचतो कसा? शाळेत, भाषणात, व्हॉट्सॲपवर गोष्ट येते ती अशी. एक साधीभोळी शिवणकाम करणारी बाई दिवसभर राबून दमली होती. बसमध्ये गोऱ्या माणसासाठी तिने जागा सोडली नाही. तिला अटक झाली. लोक चिडले. मग मार्टिन ल्यूथर किंग नावाचा महान नेता उभा राहिला, त्याने भाषणं केली आणि वर्णभेद संपला.

मित्रांनो, ही गोष्ट ऐकायला गोड आहे आणि चळवळीला घातक आहे. कारण ती शिकवते की अन्याय सोसता सोसता एक दिवस कुणीतरी दमेल, आपोआप ठिणगी पडेल आणि नेता अवतरेल. तोवर आपण काय करायचं? वाट बघायची! माँटगोमेरीच्या लोकांनी नेमकं हेच केलं नव्हतं.

बसमधली वेस

आधी बस समजून घेऊ. माँटगोमेरीच्या बसमध्ये ३६ जागा असत. पुढच्या १० गोऱ्यांच्या. बस काळ्यांनी खच्चून भरलेली असली आणि त्या दहाही रिकाम्या असल्या, तरी तिथे काळ्याने बसायचं नाही. मधल्या जागांवर काळी माणसं बसू शकत, पण पुढची बाजू भरली की ड्रायव्हर त्यांना उठवत असे. गोऱ्याच्या रांगेत काळा चालत नाही, म्हणून एका गोऱ्यासाठी चार काळ्यांनी उठायचं. अनेकदा काळ्या प्रवाशाला पुढच्या दाराने चढून पैसे द्यावे लागत, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढावं लागे. तो मागे पोचण्याआधीच कधी कधी बस निघून जाई, तिकिटाच्या पैशांसकट. ज्यांनी गावाची वेस पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. इथे वेस चाकांवर फिरत होती, एवढाच फरक.

आणि हे सगळं कायद्याने चाललं होतं. गुलामगिरी १८६५ च्या घटनादुरुस्तीने गेली. १८६८ मध्ये चौदाव्या दुरुस्तीने कायद्याचं समान संरक्षण दिलं. १८७० मध्ये पंधराव्या दुरुस्तीने मतदानात वंशभेद करायला बंदी घातली. कागदावर सगळं मिळालं. पण १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं, आणि जुन्या मालकांनी एकेक हक्क हिसकावून घेतला. १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जागा वेगळ्या पण समान असतील तर घटनेचा भंग होत नाही. ‘वेगळ्या’ ताबडतोब झाल्या, ‘समान’ कधीच झाल्या नाहीत.

महाडचा इतिहास ज्याला पाठ आहे त्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. १९२३ मध्ये बोले ठराव झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठरावही केला. पण १९२७ च्या मार्चपर्यंत चवदार तळ्याचं पाणी अस्पृश्याच्या ओंजळीत आलं नव्हतं. कायदा होणं ही एक लढाई असते आणि कायदा वापरून दाखवणं ही दुसरी. दुसरी लढाई जास्त लांब चालते.

ठिणगीच्या आधीची दहा वर्षं

१ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स यांना अटक झाली. गोष्ट तिथे सुरू करायची नाही. ती १९४६ मध्ये सुरू करायची. त्या वर्षी माँटगोमेरीच्या काळ्यांच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मेरी फेअर बर्क्स यांनी ‘विमेन्स पोलिटिकल कौन्सिल’ ही स्त्रियांची संघटना काढली. १९५० मध्ये तिची सूत्रं जो ॲन रॉबिन्सन यांच्याकडे आली. त्या इंग्रजीच्या प्राध्यापिका. १९४९ मध्ये जवळजवळ रिकाम्या बसमध्ये चुकून पुढच्या बाजूला बसल्या, तेव्हा ड्रायव्हर अंगावर धावून आला होता. तो अपमान त्यांनी गिळला नाही, त्याचं संघटन केलं. बसमधल्या वागणुकीच्या तक्रारी घेऊन या स्त्रिया पुन्हा पुन्हा महापौरांकडे गेल्या. २१ मे १९५४ ला रॉबिन्सन यांनी महापौर गेल यांना लेखी कळवलं की बसच्या प्रवाशांत तीन चतुर्थांश काळे आहेत, आणि पंचवीसहून अधिक संघटना बहिष्काराचा विचार करत आहेत. म्हणजे बहिष्काराची सूचना अटकेच्या दीड वर्ष आधी सरकारदरबारी पोचली होती!

तारीखही बघा. चारच दिवस आधी, १७ मे १९५४ ला, ब्राऊन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधलं वेगळेपण घटनाबाह्य ठरवलं होतं. तो निकालही आकाशातून पडला नव्हता. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या काळ्या वकिलाने १९३० च्या दशकापासून एकेक खटला रचत आणला होता. विद्यार्थ्यांची पिढी घडवली होती. त्यातलेच एक थर्गुड मार्शल. ह्यूस्टन १९५० मध्ये वारले, निकाल त्यांनी पाहिला नाही.

आता रोझा पार्क्स. वय ४२. एका मोठ्या दुकानात शिवणकाम करत, हे खरं. पण १९४३ पासून त्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’च्या माँटगोमेरी शाखेच्या सचिव होत्या, हे कोण सांगतं? १९४४ मध्ये रेसी टेलर या काळ्या स्त्रीवर गोऱ्या टोळीने सामूहिक बलात्कार केला, तेव्हा माहिती गोळा करायला शाखेने पार्क्स यांनाच पाठवलं होतं. आरोपींवर खटलासुद्धा उभा राहिला नाही. १९५५ च्या उन्हाळ्यात त्या टेनेसी राज्यातल्या हायलँडर शाळेत कार्यकर्त्यांच्या शिबिराला दोन आठवडे जाऊन आल्या होत्या. ज्या ड्रायव्हरने त्यांना अटक करवली, त्यानेच १९४३ मध्ये मागच्या दाराने चढा म्हणून त्यांना बसमधून उतरवलं होतं. त्या दिवशी त्या इतर दिवसांपेक्षा जास्त दमलेल्या नव्हत्या. त्या बारा वर्षं तयार होत होत्या.

त्यांना जामिनावर सोडवायला धावले ते ई. डी. निक्सन. हे रेल्वेच्या झोपायच्या डब्यात हमाली आणि सेवा करणाऱ्या काळ्या कामगारांच्या युनियनचे स्थानिक पुढारी. शिक्षण थोडं, पण युनियनने संघटना चालवायला शिकवलेलं. आणि वकील होते फ्रेड ग्रे, वय अवघं २४. अलाबामात काळ्याला वकिली शिकायला कॉलेजच नव्हतं, म्हणून ओहायोत शिकून आपल्याच गावात परत आलेले.

बघा, काय काय जमून आलं होतं. स्त्रियांची संघटना, कामगारांची युनियन, हक्कांची संस्था आणि घरचा वकील. यातलं एकही त्या दिवशी जन्मलेलं नव्हतं.

त्या रात्री कोण जागलं?

अटकेची बातमी कळली त्या रात्री जो ॲन रॉबिन्सन झोपल्या नाहीत. एक सहकारी प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी सोबत घेऊन त्या कॉलेजात गेल्या आणि तिथल्या चक्रमुद्रण यंत्रावर रात्रभर पत्रकं काढली. हजारोंनी काढली. मजकूर साधा होता : आणखी एका काळ्या स्त्रीला अटक झाली आहे, सोमवारी बसमध्ये चढू नका. सकाळी कॉलेजात तास घेतले आणि मग गाडीतून गठ्ठे वाटत फिरल्या. शाळा, सलून, दुकानं, कारखाने, सगळीकडे. सरकारी कॉलेजातली नोकरी जाऊ शकते हे त्यांना माहीत होतं.

सोमवारी, ५ डिसेंबरला, बस रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी कोर्टाने पार्क्स यांना १० डॉलर दंड आणि ४ डॉलर खर्च ठोठावला. त्याच दिवशी दुपारी ‘माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ स्थापन झाली आणि २६ वर्षांचे पाद्री किंग अध्यक्ष झाले. का झाले? एक कारण असं की ते गावात नवे होते. कुठल्या गटाचे नव्हते, कुणाशी जुनं वैर नव्हतं. नेत्याने चळवळ निर्माण केली नाही. चळवळीने आपल्यासाठी नेता निवडला. किंग यांचं मोठेपण यात कमी होत नाही. त्यांनी पुढे त्या विश्वासाचं सोनं केलं. पण क्रम उलटा सांगितला की इतिहास खोटा होतो.

बहिष्कार हे कुणाचं हत्यार?

आपल्याला बहिष्कार हा शब्द वेगळ्या अर्थाने माहीत आहे. गावाने दलितांवर टाकलेला. किराणा बंद, दळण बंद, मजुरी बंद, रस्ता बंद. १९३० च्या स्टार्ट समितीच्या अहवालात या सामाजिक बहिष्काराची नोंद आहे, आणि बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. बलवानाच्या हातातलं हे हत्यार माँटगोमेरीत दुबळ्यांनी कसं काय उचललं?

कारण त्यांनी बरोबर नस पकडली होती. बसचा गल्ला काळ्यांच्या नाण्यांवर चालत होता. आपलं नाणं कुठे जातं हे त्यांनी मोजलं आणि ते तिथून काढून घेतलं. पण चाळीस-पन्नास हजारांची वस्ती रोज कामावर न्यायची कशी? निम्म्याहून जास्त नोकरदार काळ्या स्त्रिया गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या. कामाची घरं शहराच्या दुसऱ्या टोकाला. आधी काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये, लोक नेले. प्रशासनाने किमान ४५ सेंट भाड्याचा नियम दाखवून ते बंद पाडलं. मग सुमारे ३०० खासगी गाड्यांची यंत्रणा उभी राहिली. थांबे ठरले, वेळा ठरल्या, गाड्यांची पाळी लावणारी माणसं नेमली. १९५३ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात काळ्यांनी असाच बसबहिष्कार केला होता. त्यांच्याकडून ही पद्धत रीतसर विचारून घेतली. चर्चनी मोठ्या गाड्या विकत घेतल्या. विमा कंपन्यांनी विमा रद्द केला, तेव्हा थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला.

पेट्रोलचा पैसा कुठून आला? जॉर्जिया गिलमोर नावाच्या स्वयंपाकीण बाईंनी आपल्यासारख्या राबणाऱ्या बायका गोळा केल्या. त्या घरी कोंबडी तळत, केक-पाय भाजत, विकत आणि पैसे सभेत आणून देत. त्या गटाचं नाव होतं ‘कुठूनच नाही क्लब’. पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं, ‘कुठूनच नाही’. नाव कळलं तर मालकीण कामावरून काढेल ना! गिलमोरबाईंनी कोर्टात ड्रायव्हरविरुद्ध उघड साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेलीच. मग त्यांनी घरातच खानावळ काढली. किंग त्यांच्या स्वयंपाकघरात जेवायला आणि बैठकीला बसत.

समोरून हल्ले होणारच होते. २१ जानेवारी १९५६ ला प्रशासनाने तीन काळ्या पाद्र्यांना पुढे करून तडजोड झाल्याची खोटी बातमी सोडली. ती दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येणार होती. कार्यकर्त्यांना कुणकुण लागली आणि ते शनिवारच्या रात्री दारूचे गुत्तेसुद्धा पालथे घालत सांगत फिरले, बहिष्कार चालू आहे. ३० जानेवारीला किंग यांच्या घरावर बाँब पडला, दोन दिवसांनी निक्सन यांच्या घरावर. रॉबिन्सन यांच्या खिडकीवर दगड आला, गाडीवर ॲसिड ओतलं गेलं. फेब्रुवारीत १९२१ च्या एका कायद्याखाली ८९ जणांवर आरोप ठेवले. गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’मध्ये खुद्द महापौर सामील झाले. नोकरीवरून काढणं, कर्ज अडवणं हा गोऱ्यांचाही बहिष्कार होता. दोन बहिष्कार समोरासमोर उभे होते. टिकला तो ज्याच्याकडे एकजूट आणि व्यवस्था होती.

एक गोष्ट लपवू नये. सुरुवातीच्या मागण्या फार मवाळ होत्या. सौजन्याने वागा, जो आधी येईल तो आधी बसेल पण काळे मागून आणि गोरे पुढून, आणि काळ्या वस्तीच्या मार्गांवर काळे ड्रायव्हर नेमा. वेगळेपण संपवा, असं त्यांनी म्हटलंच नव्हतं! एवढंही गोऱ्यांनी नाकारलं, तेव्हा मागणी मुळाशी गेली.

निकाल मिळवणाऱ्या चार स्त्रिया

फ्रेड ग्रे यांनी ओळखलं की पार्क्स यांचा खटला राज्याच्या कोर्टात कुजवला जाईल. म्हणून १ फेब्रुवारी १९५६ ला त्यांनी संघराज्याच्या न्यायालयात नवा दावा टाकला, ‘ब्राऊडर विरुद्ध गेल’. शेवटपर्यंत टिकलेल्या चार वादी होत्या : ऑरेलिया ब्राऊडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन. रोझा पार्क्स यात नव्हत्या. ५ जूनला तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक असा निकाल दिला. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. नेमक्या त्याच दिवशी राज्याच्या कोर्टाने गाड्यांची यंत्रणा बेकायदा म्हणून बंद केली होती! लेखी हुकूम हातात येईपर्यंत लोक पायी चालले. २१ डिसेंबर १९५६ ला ते बसमध्ये चढले आणि हवं तिथे बसले. ३८१ दिवस.

रस्ता जिंकतो की कोर्ट, या वादात आपले किती तास जातात! माँटगोमेरीत रस्त्याने कंपनीचं आणि शहराचं कंबरडं मोडलं, कोर्टाने कायदा मोडला. रस्त्याविना तो दावा एक फाईल राहिली असती. दाव्याविना तो बहिष्कार एक आठवण राहिला असता. बाबासाहेबांनीही महाडला हेच केलं. पाणी प्यायले आणि खटलाही लढले. तो खटला उच्च न्यायालयात १९३७ मध्ये संपला. दहा वर्षं त्यांनी फाईल सोडली नाही.

आता त्यातली क्लॉडेट कोल्विन. पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, जागा सोडायला नकार देऊन ती अटकेत गेली होती. वय १५ वर्षं. पण पुढाऱ्यांनी तिच्यासाठी बहिष्कार पुकारला नाही. मुलगी फार लहान, गरीब वस्तीतली, तोंडाने फटकळ. पुढे ती लग्नाआधी गरोदर राहिली, ते तर निमित्तच झालं. गोऱ्यांची वर्तमानपत्रं चिखलफेक करतील ही भीती खरी होती, हे मान्य. पण किंमत कुणी मोजली? कोर्टात साक्ष द्यायला तीच उभी राहिली आणि सत्काराच्या मंचावर तिला खुर्ची नव्हती. तिच्यावरची अल्पवयीन गुन्हेगारीची नोंद पुसायला २०२१ उजाडलं.

रोझा पार्क्स यांची नोकरी गेली आणि १९५७ मध्ये त्यांना गाव सोडून डेट्रॉईटला जावं लागलं. रॉबिन्सन यांनाही १९६० मध्ये कॉलेज सोडावं लागलं. पत्रकं काढणाऱ्या, केक विकणाऱ्या, चालणाऱ्या, साक्ष देणाऱ्या बहुतांश स्त्रिया. ध्वनिक्षेपकासमोर बहुतांश पुरुष. हा दोष अमेरिकेतच राहिला, असं छातीवर हात ठेवून आपण म्हणू शकतो का?

आणखी एक. आपल्याकडे ही सगळी लढाई गांधीजींच्या खात्यावर जमा केली जाते. किंग यांनी गांधींचं ऋण मानलं, १९५९ मध्ये ते भारतात आले, हे खरं आहे. नाकारायचं कारण नाही. पण बहिष्कार पुकारला गेला तेव्हा पत्रकावर गांधी नव्हते, काळ्या स्त्रियांचा दहा वर्षांचा संताप होता. बाँब पडल्यावर खुद्द किंग यांनी बंदुकीचा परवाना मागितला होता आणि त्यांच्या घरावर हत्यारबंद पहारा होता. अहिंसेचं शिस्तबद्ध शिक्षण लढ्यात उतरल्यावर आलं. एका चळवळीचं श्रेय बाहेरच्या महात्म्याला दिलं की आतल्या कष्टकऱ्यांची नावं पुसली जातात. हा अनुभव आपल्याला आहे.

माँटगोमेरीहून पँथरपर्यंत

बस मिळाली, पण मत मिळालं नव्हतं. माँटगोमेरीला लागूनच लाऊंड्स काउंटी आहे. दर पाच माणसांत चार काळी. आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत काळ्यांची संख्या होती शून्य! त्या वर्षी सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा याच काउंटीतून गेला. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. तिथल्या कुळांनी नाव नोंदवलं की गोरे जमीनदार त्यांना घराबाहेर काढत. लोक तंबूत राहिले, पण नावं नोंदवली, आणि स्वतःचा पक्ष काढला. अलाबामात पक्षाला चिन्ह लागे. त्यांनी घेतलं काळा पँथर. १९६६ च्या निवडणुकीत त्यांचे सगळे उमेदवार पडले. १९७० मध्ये त्यांच्यातलेच जॉन ह्यूलेट त्या काउंटीचे शेरीफ झाले.

तोच पँथर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या तरुणांनी उचलला आणि ब्लॅक पँथर पार्टी झाली. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी नाव घेतलं दलित पँथर. आपण त्या पँथरची डरकाळी घेतली. पण तो जन्मला मतदार यादीत नाव घालण्यासाठी तंबूत राहिलेल्या कुळांच्या पोटी, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

म्हणून पुढच्या बैठकीत जयंतीच्या मिरवणुकीचा विषय संपला की थोडं थांबा आणि चार प्रश्न विचारा. तालुक्यात अत्याचार झाला तर त्या रात्री जागून अर्ज, पत्रक, साक्षीदारांची यादी तयार करणारी माणसं कोण? केस दहा वर्षं चालवणारा आपला वकील कोण? वर्गणीची वही कुणाकडे आहे आणि त्यातून खटल्यासाठी किती बाजूला ठेवले? आणि ही कामं करणाऱ्या बायकांपैकी किती जणींचं नाव आपल्या पत्रकावर छापलं आहे?

उत्तरं नसतील तर कामाला तिथूनच सुरुवात करायची आहे. जो ॲन रॉबिन्सन यांनीही १९४९ मध्ये तिथूनच केली होती.